हरणाऱ्यांचा हंगाम

बास्केटबॉलचा सामना बरोबरीत सुटत नाही. दहा-दहा मिनिटांचे चार डाव संपले आणि गुण सारखेच राहिले, तर आणखी पाच मिनिटं खेळायची. तरीही सारखेच, तर पुन्हा पाच. कुणीतरी हरल्याशिवाय सुटका नाही. त्यात स्पर्धा बाद पद्धतीची असली की हिशेब आणखी कडक होतो. सोळा संघ उतरले तर पंधरा सामने होतात आणि पंधरा संघांचा शेवट पराभवातच होतो.

बारामती किंवा इंदापूरच्या महाविद्यालयातल्या मुलांचा संघ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पुणे जिल्हा विभागात खेळतो. पुढे आंतरविभागीय स्पर्धा. त्यातून विद्यापीठाच्या संघात कुणाची निवड झालीच, तर आंतरविद्यापीठ स्पर्धा. पावसाळ्यात निवड चाचणी देऊन महिनोन्‌महिने सकाळ-संध्याकाळ घाम गाळणाऱ्या बहुतेक मुलांचा हंगाम मात्र पहिल्या एक-दोन सामन्यांतच आटोपतो. बहुतेकांच्या वाट्याला हारच येणार हे आधीपासून ठरलेलं असेल, तर जिंकायची इच्छा धरून खेळायचं कशासाठी? हा प्रश्न क्रीडाशिक्षकापेक्षा कीर्तनकाराला विचारावा असा आहे.

तसं पाहिलं तर या खेळाचा जन्मच एका धार्मिक प्रश्नातून झाला. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नायस्मिथने सज्ज्याच्या कठड्याला पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या. नायस्मिथ धर्मशास्त्र शिकलेला होता. खेळातून माणूस घडतो, असं मानणाऱ्या ख्रिस्ती पंथीयांपैकी तो एक. पण खेळात धसमुसळेपणा फार, ही त्याची अडचण होती. त्याने कारण शोधलं: चेंडू घेऊन पळता येतं, म्हणून समोरचा अंगावर येतो. मग पळणंच बंद केलं. टोपली डोक्याच्या वर टांगली, म्हणजे नुसता जोर कामाचा नाही, चेंडू अलगद वळणाने सोडावा लागतो. हिंसेला वाव नको म्हणून त्याने नियम केले, पण जिंकण्याची आस मात्र शाबूत ठेवली. पुढे कॅन्सस विद्यापीठात प्रशिक्षक असताना त्याच्या नावावर ५५ विजय आणि ६० पराभव जमा झाले. खेळ काढणाऱ्यालाच खेळाने जास्त वेळा हरवलं.

आपल्याकडे या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर आहे. जय-पराजय सारखे मानून लढायला उभा राहा, असं गीता सांगते. बक्षीस समारंभातल्या भाषणात हे हमखास ऐकू येतं. पण कोर्टवर ते जसंच्या तसं लागू करून पाहा. शेवटची बारा सेकंदं उरली आहेत, संघ एका गुणाने मागे आहे, फ्री थ्रोच्या रेषेवर मुलगा उभा आहे. चेंडू जमिनीवर दोनदा आपटून तो नजर वर करतो. अर्ध्या मीटरहूनही अरुंद अशा त्या कडीत चेंडू पडला काय अन् न पडला काय, असं त्याला खरंच वाटत असेल तर तो खेळत नाही, खेळाचं सोंग करतो. समोरच्या संघाचाही तो अपमान ठरेल.

लोकमान्य टिळकांनी कॉलेजचं पहिलं वर्ष व्यायामात घालवलं आणि पुढे मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिलं. फळाची आसक्ती सोडायची म्हणजे काम ढिलं करायचं नव्हे, हा त्या ग्रंथाचा सगळा रोख आहे. खेळाडूपुरतं सांगायचं तर आस सोडायची वेळ शिट्टी वाजल्यानंतरची. तोपर्यंत ती पूर्ण धरायची. खेळात हे जमू शकतं, कारण तिथलं फळ कोर्टच्या रेषांच्या आत मावतं.

फळाचा प्रश्नच न ठेवणारे खेळही याच मातीत आहेत. आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडीला येते. तिथे परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढे बेलवाडीला आणि इंदापूरला गोल रिंगण. झेंडेकरी धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी धावतात, अश्व धावतात. पहिला कोण आला, हे कुणी विचारत नाही. घोड्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला मात्र झुंबड उडते. मग फुगड्या, हुतूतू. पांढऱ्या मिशांचे आजोबा लंगडीला उतरतात. इथे हरणारा कुणीच नसतो. पण याच कारणाने रिंगण आपल्या प्रश्नाला उत्तर देत नाही. जिथे हरायला काहीच नाही, तिथे हार पचवण्याची परीक्षाही नाही.

दुसरं टोक दाखवायला बारामतीचेच मोरोपंत आहेत. कऱ्हेकाठी राहून त्यांनी सबंध महाभारत आर्यावृत्तात आणलं, त्यात द्यूतसभाही आली. युधिष्ठिर फासे खेळतो तोवर तो खेळ असतो. पटावर राज्य, भाऊ आणि द्रौपदी मांडली जाते, तेव्हा फळ पटाबाहेर सांडतं आणि खेळ संपतो.

आजच्या संघातही फळ रेषेबाहेर सांडतंच. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि ते ठराविक स्पर्धांमधल्या कामगिरीवर मिळतं. उसाच्या दोन एकरांवर घर चालणाऱ्या मुलाला प्रमाणपत्र म्हणजे पोलीस भरतीची किंवा तलाठ्याच्या खुर्चीची आशा. त्याला निष्काम कर्म शिकवणं सोपं आहे, शिकवणाऱ्याचा पगार सुरू असतो तोवर. आरक्षण चूक आहे असा याचा अर्थ नाही. पण पदकावर पोट बांधून ठेवायचं आणि वर समत्वाची अपेक्षा करायची, हे एका तोंडाने बोलता येणार नाही.

निकालाकडे पाहायची आणखी एक नजर बारामतीतल्याच एका नावात आहे. इथलं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली सुरू झालं ते अनेकान्त एज्युकेशन सोसायटीतर्फे. सत्याला अनेक बाजू असतात, कुठलीही एक बाजू म्हणजे पुरतं सत्य नव्हे, असं जैन तत्त्वज्ञानातला अनेकान्तवाद सांगतो. सामन्याचं गुणपत्रक या विचाराच्या अगदी उलट, तिथे एकच निकाल लागतो. तरी त्या कागदावर एक चौकट असते: तक्रार असेल तरच कर्णधाराने सही करायची. हरलेला कर्णधार बहुधा ती कोरी सोडतो. निकाल मान्य केला, इतकंच त्यातून कळतं. आपला संघ वाईट होता, असं त्याने कबूल केलेलं नसतं.

त्याच कागदावर बारा खेळाडूंची नावं असतात. जो मैदानात उतरला त्याच्या नावासमोर खूण होते. बाराव्याची जागा अनेकदा रिकामीच राहते. सराव त्यानेही तितकाच केला, पण हरायलासुद्धा त्याला मिळालं नाही. फळाविना कर्म कुणी केलं असेल तर त्याने, आणि तेही स्वतःहून निवडलेलं नाही. गीतेचा दाखला देणाऱ्या प्रशिक्षकापुढे म्हणून खरा पेच अंतिम सामन्याचा नसतोच. पहिल्या फेरीत संघ आठ गुणांनी पुढे असताना तिसऱ्या डावात या मुलाला चार मिनिटं उतरवायचं की नाही, हे प्रशिक्षकाला बाकावर बसल्या बसल्या ठरवावं लागतं.