शांति देणें आणि शांत बसविणें

परिस्थितीशीं जुळवून घेणें हा शहाणपणाचा पहिला धडा म्हणून आपण मुलांना शिकवितों. हा धडा खोटा नाहीं. परंतु त्याच्या आड एक प्रश्न दडून राहतो. परिस्थिति जेव्हां पावसाची अगर उन्हाची असते, तेव्हां मनुष्यानें तिच्याशीं जुळवून घ्यावें यांत वाद नाहीं. पण चार भिंती, बारा दिवे आणि सहा पंखे लावून जी माणसानेंच निर्माण केली, त्या परिस्थितीशीं जुळवून घेण्याचा भार कोणावर पडावा? खोलींत येणाऱ्यावर, कीं खोली मांडणाऱ्यावर?

हा प्रश्न मला एका लहानशा प्रसंगानें सुचला. आमच्या गांवच्या ग्रंथालयानें आपलें जुनें सभागृह सर्वांनीं मिळून काम करण्यासाठीं मोकळें केलें. ज्यांना घरीं जागा नाहीं आणि स्वतःची कचेरी परवडत नाहीं, अशीं माणसें तेथें येऊं लागलीं. त्यांत कोणी हिशेबनीस होते, कोणी भाषांतरें करणारे, कोणी परीक्षेला बसणारे. एक तरुण मात्र असा होता कीं, वर्गणी भरूनहि तो सभागृहांत बसत नसे. जिन्याच्या वळणावर मांडीवर कागद घेऊन काम करी. चिटणिसांनीं एकदां त्यास विचारलें, "अहो, आंत पन्नास माणसें बसतात, मग तुम्हांलाच काय होतें?" तो संकोचानें म्हणाला, "मला त्या नळ्यांची फडफड दिसते. पंख्याचा खटका मोजल्यावांचून राहवत नाहीं. मग वाचलेलें कांहींच उरत नाहीं." हा तरुण स्वमग्न आहे, हें पुढें समजलें. चिटणीस मनानें चांगले. "हळूहळू संवय होईल," असा त्यांनीं धीर दिला. त्या बिचाऱ्याला तीस वर्षांत ती झालेली नव्हती.

सर्वसाधारण मनुष्यास जें सोसतें, तें एकट्यासाठीं कां बदलावें, हा येथें पहिला आक्षेप. पण हा सर्वसाधारण मनुष्य राहतो कोठें? विमानाची बैठक सरासरी माणसाच्या मापानें बेतावी, असा एके काळीं अमेरिकेच्या वायुदलाचा समज होता. १९५० सालीं त्यांनीं ४,०६३ वैमानिकांचीं मापें घेतलीं. गिल्बर्ट डॅनियल्स या संशोधकानें त्यांतील दहा मापें एकत्र धरून पाहिलीं, तेव्हां दहाहि बाबतींत सरासरीच्या आसपास बसणारा वैमानिक एकहि निघाला नाहीं. देहाची ही गत, तर मेंदूची काय सांगावी!

शिवाय, नळ्यांची ती फडफड कल्पनेंतली नव्हे. आपल्याकडील वीज सेकंदास पन्नास आवर्तनें करते. त्यामुळें जुन्या लोखंडी चोकवरची नळी सेकंदास शंभर वेळां मंद व तेज होते. बहुतेकांस हें दिसत नाहीं. परंतु आर्नोल्ड विल्किन्स व त्यांचे सहकारी यांनीं १९८९ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कचेरींत काम करणाऱ्यांना न कळूं देतां नळ्यांचे चोक बदलून ही थरथर नाहींशी केली, तेव्हां डोकेदुखी व डोळ्यांचा शीण यांचें सरासरी प्रमाण निम्म्याहून खालीं आलें. म्हणजे तो तरुण ज्याविषयीं बोलला, तें कदाचित् उरलेले पन्नासजण न बोलतां सोशीत होते. त्याच्या संवेदनेचा कांटा अधिक नाजूक, एवढाच भेद.

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. एकास अंधुक उजेड हवा, तर दृष्टि अधू असलेल्यास लख्ख. एकास निःशब्दता हवी, तर दुसऱ्याचें चित्त थोडी गजबज असल्यावांचून लागतच नाहीं. मग कोणाची शांति खरी मानावी? या आक्षेपास उत्तर देण्यापूर्वीं दोन उदाहरणें शेजारीं शेजारीं ठेवून पाहूं.

फिनलंडमध्यें पैमियो येथें अल्व्हार आल्टो या वास्तुशिल्पज्ञानें क्षयरोग्यांसाठीं बांधलेलें आरोग्यधाम १९३३ सालीं पुरें झालें. रोगी दिवसभर उताणा पडून असतो, हें ध्यानांत धरून त्यानें छतास भिंतींहून गडद, सौम्य हिरवा रंग दिला; दिवा रोग्याच्या डोळ्यांवर येणार नाहीं अशा जागीं लावला; आणि शेजारचा रोगी जागा होऊं नये म्हणून हात धुण्याच्या कुंडींत पाणी आवाज न करतां पडेल असा तिला उतार दिला. याच्या उलट, १९७९ सालीं अमेरिकेंत सिॲटल येथील नौदलाच्या तुरुंगांत कैद्यांची कोठडी गुलाबी रंगविली, कां, तर त्या रंगानें कैदी निवतात म्हणून. इतर तुरुंगांनींहि तो रंग उचलला. पुढील काटेकोर प्रयोगांत तो गुण प्रत्ययास आला नाहीं.

रंग दोन्हीकडे शांतीसाठींच दिलेला; पण एके ठिकाणीं विचारलें, "या माणसास काय दिसतें?" आणि दुसऱ्या ठिकाणीं, "हा माणूस गप्प कसा बसेल?" नीतीच्या दृष्टीनें या दोन प्रश्नांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. गुलाबी रंगाचा गुण खरा ठरता, तरीहि तें अंतर उरलेंच असतें. दुसऱ्याच्या सोयीसाठीं एखाद्यास शांत बसविणें आणि त्यास शांति देणें, हीं दोन वेगळीं कृत्यें होत. आज ज्या कचेऱ्या भिंती मऊ करतात, त्यांनींहि स्वतःस हें विचारावें : आपण माणसाचा त्रास वांचवितों आहों, कीं त्याच्याकडून दोन तास अधिक काम काढतों आहों?

येथेंच दुसऱ्या आक्षेपाचें उत्तर सांपडतें. सर्वांस एकच शांति पुरणार नसेल, तर निवड ज्याची त्याच्या हातीं द्यावी. आमच्या जुन्या वाड्यांत ओसरी, सोपा, माजघर, देवघर अशी गजबजीची एक उतरण असे, आणि तिचें कौतुक आपण नेहमीं करतों. पण ओसरीवरचा पुरुष वाटेल तेव्हां आंत येई. माजघरांतील सुनेस वाटेल तेव्हां ओसरीवर येतां येत नसे. तिच्या वाट्यास निवांतपणा आला असेल, पण दार तिच्या हातीं नव्हतें. म्हणून कार्यालयांतील शांत खोलीहि जर "अशा" लोकांना दृष्टीआड करण्याची जागा झाली, तर तें नवें माजघरच.

कायद्यानें आपलें काम केलें आहे. आपल्या २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमानें स्वमग्नतेसह एकवीस प्रकार मान्य केले व वाजवी सोय नाकारणें हाच भेदभाव ठरविला. ब्रिटनच्या मानक संस्थेनेंहि २०२२ सालीं मेंदूच्या निरनिराळ्या घडणी ध्यानांत घेऊन इमारती कशा रचाव्या, याची स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. परंतु शेजाऱ्यास "तुम्हांस येथें काय जाचतें?" असें विचारण्याची बुद्धि कायद्यानें येत नाहीं, आणि असें विचारणें हें औदार्य नसून, सामाईक जागेचें तें भाडें आहे, असें मला वाटतें.

आमच्या ग्रंथालयानें अखेर थोडेंच केलें. नळ्या उतरवून प्रत्येक मेजावर ज्याचा त्यानें लावावा असा दिवा दिला. खटका करणारा पंखा दुरुस्त केला. आवाज घुमूं नये म्हणून जाड पडदे सोडले. कोणत्या बाजूस बोलणें चालतें व कोणत्या बाजूस नाहीं, याचा नकाशा दारांतच लावला. खिडकीजवळच्या निवांत कोपऱ्यासाठीं आतां चढाओढ लागते, आणि तेथील पहिली खुर्ची बहुधा चिटणिसांनींच धरलेली असते. तो तरुण बहुतेक दिवस आंत बसतो. एखादे दिवशीं मात्र तो पुन्हा जिन्यावर जातो. तें त्याच्या मर्जीनें, आणि कोणी त्यास कारण विचारीत नाहीं.