निमिषाची उधारी

पुतण्या रात्री ऑनलाइन मारामारीचा खेळ खेळतो आणि मी शेजारी पुस्तक घेऊन बसतो. मध्येच तो चिडतो. ‘काका, लॅग मारतंय. मी आधी दाबलं होतं!’ मी मान वर करून पाहतो. मला काहीच खटकत नाही. योद्धा खांदा मागे घेतो, ठोसा मारतो, समोरचा कोलमडतो. सगळं कसं लोण्यासारखं. बघणाऱ्याला लॅग, म्हणजे कळ आणि चित्र यांच्यातला उशीर, बहुधा दिसतच नाही. ज्याचा अंगठा बटणावर आहे त्यालाच तो टोचतो, चपलेत शिरलेल्या खड्यासारखा.

हा खडा केवढा, ते मोजायला एक जुनं माप घेऊ. मनुस्मृतीतलं काळाचं कोष्टक निमिषापासून सुरू होतं. अठरा निमिषांची एक काष्ठा, तीस काष्ठांची कला, तीस कलांचा मुहूर्त, तीस मुहूर्तांची दिवस-रात्र. भागाकार केला तर निमिष भरतं सुमारे १७८ मिलिसेकंदांचं. मारामारीचे खेळ सेकंदाला ६० चित्रं दाखवतात. म्हणजे एका निमिषात दहा चित्रं उलटून अकरावं चालू असतं. चपळ ठोसा बटण दाबल्यापासून चौथ्या-पाचव्या चित्रालाच लागतो. पापणी लवून उघडेपर्यंत मार खाऊन झालेला असतो. आमच्या घरातला हा चौदा वर्षांचा मुलगा निमिषाचे दहा तुकडे करून त्यातल्या दोन तुकड्यांवरून भांडतो, आणि माझ्या मते त्याचं भांडण रास्त आहे.

कारण गोम चित्रकाराच्या धर्मातच आहे. डिस्नेचे फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली ‘द इल्युजन ऑफ लाइफ’ या ग्रंथात ॲनिमेशनची बारा तत्त्वं मांडली. त्यातलं एक पूर्वतयारीचं. उडी मारणारा आधी गुडघ्यात वाकतो, ठोसा मारणारा आधी हात मागे नेतो. हे वाकणं नसेल तर देहाला वजन येत नाही, बाहुलं कागदी वाटतं. सिनेमासाठी हे शंभर टक्के खरं. पण खेळात ‘उडी मार’ असा हुकूम मी दिला आणि गडी आधी वाकत बसला, तर ती माझ्या हुकमाची टाळाटाळ होते.

जॉर्डन मेक्नरने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) साठी आपल्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल उतरवली. आजही ती पाहताना जीव सुखावतो. पण तो राजपुत्र धावायला लागला की थांबायलाही पावलं घेतो, आणि तेवढ्यात खाली खड्डा असला तर संपलंच. त्याच्या चार वर्षं आधीचा मारिओ उडीआधी वाकत बसत नाही. कळ दाबली की तो हवेत, आणि हवेतही वळवता येतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने निव्वळ थाप. अंगठ्याला मात्र ती पटते.

पुढे या धंद्यात एक तडजोड रुळली. नायकाची पूर्वतयारी छाटायची आणि वजन फटक्याच्या नंतर भरायचं. फटका लागला की दोन्ही योद्धे काही चित्रं जागीच गोठतात. ते थांबणं म्हणजेच ‘जोरात लागलं’. शत्रूची पूर्वतयारी उलट ताणायची, त्याने सांगून सवरून मारायचं. यात न्याय नाही, पण खेळ आहे.

दोन माणसं एकाच यंत्रासमोर बसली होती तोवर हे जमलं. मग मध्ये तार आली.

काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. जाऊन येऊन जवळजवळ ४० मिलिसेकंद, आणि समुद्रातल्या केबली काही सरळ रेषेत जात नाहीत. घरचं कनेक्शन कितीही महागाचं घ्या, या चाळिसात घट नाही. उशीर होणारच, खेळ रचणाऱ्याच्या हाती एवढंच उरतं की तो कुणाच्या खात्यावर मांडायचा.

याचा मला आवडलेला हिशेब ‘हेलो: रीच’ (२०१०) या नेमबाजीच्या खेळातला. तिथल्या हातबॉम्बची गोष्ट तो खेळ बनवणाऱ्यांपैकी डेव्हिड ऑल्ड्रिजने २०११ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये सांगितली होती. बटण दाबल्यावर यजमान यंत्राची, म्हणजे सामन्याचा निकाल ठरवणाऱ्या यंत्राची, परवानगी येईपर्यंत थांबावं, तर हात जड वाटतो. परवानगीविना बॉम्ब टाकू द्यावा, तर लबाडांचं फावतं. मग तोडगा असा: बटण दाबताच हात हलू लागतो, ते चित्र कुणाला विचारायची गरज नाही. खरा बॉम्ब मात्र यजमानाच्या होकारानंतरच जन्माला येतो. वाट पाहणं फेकीच्या हालचालीतच कुठेतरी लपतं. अंगठ्याला उत्तर मिळालेलं असतं, मग पुढचा उशीर तो माफ करतो. ज्या पूर्वतयारीला आपण हाकललं होतं, ती अशी मागच्या दाराने परत आली.

मारामारीच्या खेळांनी वेगळी वाट धरली. टोनी कॅननने २००६ मध्ये आणलेल्या जीजीपीओ या प्रणालीने ‘रोलबॅक’ची पद्धत रूढ केली. यात तुमचं यंत्र समोरच्याच्या कळीची वाट पाहत नाही. तो आत्ता करत होता तेच करत राहील असं धरून पुढे जातं. अंदाज चुकला तर काही चित्रं मागे जाऊन, सगळं पुन्हा मांडून, क्षणात वर्तमानात परततं. किंमत एवढीच की त्याच्या ठोशाची पहिली दोन-तीन चित्रं गिळली जातात. हात अर्धा पुढे आलेलाच दिसतो. पूर्वतयारी लांब असली तर ते गिळणं जाणवतही नाही. चार चित्रांच्या ठोशातली तीन गेली, तर मात्र ठोसा आभाळातून पडतो. अंगठ्यासाठी जे छाटायचं तेच तारेसाठी राखायचं, असा हा पेच आहे, आणि चित्रकाराला तो एकेका चित्राच्या हिशेबाने सोडवावा लागतो.

काही खेळ उशिराची ही उधारी सरळ लांबच्या गिऱ्हाइकाकडून वसूल करतात. ‘फायनल फँटसी १४’ मध्ये प्रत्येक विद्येनंतर अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ पात्र अडकून पडतं, आणि सर्व्हरचं उत्तर यायला लागलेला वेळ त्या अडकण्यात मिळवला जातो. दोन मोठ्या विद्यांमधल्या अडीच सेकंदांच्या आवर्तनात जवळचा खेळाडू दोन छोट्या विद्या सहज बसवतो. दूरच्याची एकच बसते. दंड एकदाच नव्हे, दर वेळी. शिवाय तिथे राक्षसाच्या माऱ्याचा निकाल त्याच्या मंत्राची पट्टी भरताच लागतो आणि आग पडद्यावर नंतर पडते. म्हणजे आग तुमच्या डोळ्यांसमोर रिकाम्या फरशीवर कोसळते, आणि तुम्ही चार हात लांब उभे असताना मरता. सवयीचे लोक म्हणतात, आगीकडे बघू नका, पट्टीकडे बघा. इतक्या मेहनतीने रंगवलेल्या आगीकडे बघू नका हा सल्ला मला त्या चित्रकाराचा अपमान वाटतो.

पुतण्याचं ‘मी आधी दाबलं होतं’ हे त्याच्या यंत्रापुरतं खरंच असणार. समोरच्या मुलाच्या यंत्रावर कदाचित त्यानेही आधीच दाबलेलं असेल. ‘स्ट्रीट फायटर ६’ मध्ये सरावाच्या वेळी एकेक चित्र मोजणारी पट्टी दाखवायची सोय आहे. कुठला ठोसा कितव्या चित्राला लागला ते पोराला स्वतः तपासता येतं. खेळ बनवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की खऱ्या सामन्यात तारेने खाल्लेली चित्रंही अशा पट्टीत वेगळ्या रंगाने रंगवा.