रिपोर्ट कोणाचा?

वैद्यकीय रिपोर्टमधला ‘मेटास्टॅसिस’ हा शब्द मूळचा ग्रीक. अर्थ, जागा बदलणं. फ्रेंच डॉक्टर जोसेफ रेकामिए यांनी १८२९ साली तो कॅन्सरच्या पसरण्यासाठी वापरला. मराठीत शब्दशः ‘स्थलांतर’ होईल. पण नागपूरकर भोसल्यांच्या मागोमाग ज्यांचे पूर्वज छत्तीसगडात आले, त्या आम्हा रायपूरच्या मराठी माणसांना तो शब्द घरचा वाटतो. आजारासाठी तो फारच सौम्य आहे.

तरी एका अर्थी तो नेमका आहे. आतड्यातलं रक्त आधी यकृताकडे जातं, म्हणून आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी पुष्कळदा तिथे जाऊन रुजतात. पण त्या यकृताच्या होत नाहीत. बायॉप्सीच्या तुकड्यात पॅथॉलॉजिस्टला आतड्याच्याच खुणा सापडतात आणि औषधंही आतड्याच्या कॅन्सरचीच ठरतात.

माझ्या आत्याचा इंग्रजी रिपोर्ट हातात घेतला, तेव्हा आतेभाऊ म्हणाला, “ताई, लिव्हरला सूज आहे एवढंच सांग.” त्याच्या बोलण्यात माया होती, भीतीही होती. आत्याने विचारलं, “पोटातलंच पसरलंय का गं?” मी म्हटलं, “हो, यकृतापर्यंत.” किती दिवस, हे तिने विचारलं नाही, मीही बोलले नाही.

न विचारलेलं न सांगणं आणि विचारलेलं बदलून सांगणं, यांत फरक आहे. पहिल्यात रुग्णाचा वेग सांभाळला जातो. दुसऱ्यात त्याचा निर्णय आपण घेतो. आजार यकृतापुरताच असेल, तर काही जणांवर शस्त्रक्रिया होऊ शकते. केमोने काहींना वर्षं मिळतात. ते घ्यायचं की घरी राहायचं, हे ठरवायला खरं नाव लागतं.

मग गुप्ततेचं काय? मनोहर पर्रीकर २०१८ च्या फेब्रुवारीपासून आजारी होते. त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर असल्याचं गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीरपणे सांगितलं ते ऑक्टोबरअखेर. मुख्यमंत्र्याच्या आजाराबद्दल जनतेला किती कळावं, यावर वाद होऊ शकतो. पण जगापासून आजार लपवण्याचा हक्क असलाच, तर तो रुग्णाचा. रुग्णापासून लपवण्याचा हक्क जगाला त्यातून मिळत नाही.

‘तिला झेपणार नाही,’ असं आपण म्हणतो. पुष्कळदा झेपत नसतं ते आपल्याला. अनुवादकाने स्वतःच्या सोयीसाठी मजकूर बदलायचा नसतो. त्या मजकुरावर कोणाचं आयुष्य अवलंबून असेल, तेव्हा तर नाहीच.