खेळातले भूत आणि मनातले भय

मनुष्य स्वतःहून भीतीच्या दाराशी का जातो, हा प्रश्न नवा नव्हे. कंदिलाच्या उजेडात आजी हडळीची गोष्ट सांगे, आणि गोधडीत पाय पोटाशी घेतलेली नातवंडे 'आणखी एक' म्हणून हट्ट धरीत. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा कित्येक मराठी घरांत रात्री जागून वाचल्या गेल्या. आज त्या गोष्टीची जागा मोबाईलने घेतली आहे. ऑक्टोबर महिना उजाडला, की हॅलोवीनच्या निमित्ताने भुताखेतांच्या खेळांना व ॲप्सना ऊत येतो. सकल संतांच्या सणाची पूर्वसंध्या या अर्थाचे हे नाव! दोनच दिवसांनी, २ नोव्हेंबरला, आपण कबरींवर मेणबत्त्या लावून मृतांसाठी प्रार्थना करतो. म्हणूनच हा प्रश्न आपल्या उंबरठ्यावरचा आहे. दुसऱ्याला खेळाखेळात घाबरवणे हे निर्दोष आहे काय?

हा प्रश्न आता केवळ मोठ्या शहरांतील कंपन्यांपुरता उरलेला नाही. परळी, अंबाजोगाई किंवा माजलगावच्या एखाद्या तरुणाला दिवसभराची नोकरी सांभाळून रात्री घरच्या संगणकावर असा खेळ रचता येतो. 'गोडो'सारखी साधने फुकट मिळतात. गूगलच्या दुकानात खेळ ठेवण्यासाठी एकदाच २५ डॉलर नोंदणी भरावी लागते. नव्या हौशी निर्मात्याला आधी बारा माणसांकडून सलग चौदा दिवस आपले ॲप वापरून घ्यावे लागते, आणि ही बारा माणसे बहुधा मित्र, चुलतभाऊ व मेहुणे यांतूनच गोळा होतात. म्हणजे त्याच्या भुताला पहिल्यांदा भेटतात ती त्याचीच माणसे. हा छंद कोणी तुच्छ लेखू नये. चित्र, ध्वनी, गणित आणि मानवी मनाची जाण या चारही गोष्टी त्याला लागतात.

अशा हौशी मंडळींना जुन्या धाटणीच्या खेळांचे विशेष आकर्षण असते. १९८० साली जपानमधील नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांनी 'पॅक-मॅन' घडवला. त्यातील चार भुते आठवतात ना? चौघांचे स्वभाव निराळे होते. एक सरळ पाठलाग करी, तर दुसरे पुढची वाट अडवू पाही. परंतु ही भुते अखंड पाठलाग करीत नसत. ठरावीक वेळाने ती आपापल्या कोपऱ्याकडे वळत, आणि खेळणाऱ्याला श्वास घ्यायला उसंत मिळे. शिवाय मोठा दाणा गिळताच क्षणभर बाजी उलटे, भुते निळी पडून पळू लागत. १९८२ साली अटारीने 'हाँटेड हाऊस' हा खेळ आणला. ज्या यंत्रावर तो चाले, त्याची कार्यस्मृती अवघी १२८ बाइट होती. पडद्यावर खेळणाऱ्याचे दोन डोळे तेवढे दिसत. बाकीचा अंधार ज्याच्या त्याच्या कल्पनेने भरून काढायचा!

या जुन्या कारागिरीत एक नीती दडलेली आहे. ती समजून घेण्यासाठी आपल्याला तेराव्या शतकात जावे लागेल. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' ग्रंथात खेळाचाही विचार केला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. संत योहान शिष्यांसमवेत विरंगुळ्यात असता काही जणांना ते खटकले, तेव्हा योहानांनी एका धनुर्धराला विचारले, तू सतत बाण सोडीत राहशील काय? तसे केले तर धनुष्य मोडेल, असे तो म्हणाला. मनाचेही तसेच आहे, हा त्या कथेचा बोध थॉमस यांनी स्वीकारला. खेळात योग्य प्रमाण राखणे हा त्यांच्या मते सद्गुण होय. मात्र त्यांनी तीन अटी घातल्या. खेळातील आनंद असभ्य अथवा अपायकारक गोष्टीतून मिळवू नये. खेळात मनाचा तोल सर्वस्वी सुटू नये. आणि खेळ व्यक्ती, वेळ व स्थळ यांना शोभणारा असावा.

या तीन कसोट्या आजच्या भीतिदायक ॲप्सना लावून पाहू. जो खेळ आरंभीच 'मी खेळ आहे' असे सांगतो, उसंत देतो आणि बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवतो, तो पहिल्या दोन अटींना उतरतो. तेथे माणूस आपली भीती स्वतःच्या हाताने उचलतो, तिचे वजन जोखतो आणि खाली ठेवतो. करुणा व भय यांच्या अनुभवातून मन निवळते, असे ॲरिस्टॉटलने शोकांतिकेविषयी म्हटले होते. छोट्याशा खेळातही त्याचा अंश असू शकतो. तिसरी अट मात्र घराघरांत निराळी लागू पडते. चौदा वर्षांच्या मुलाला जी गंमत, ती पाच वर्षांच्या भावंडाला रात्रभराचा छळ ठरू शकते.

आता दुसरा प्रकार पाहा. 'तुमच्या घरातील भूत शोधा' म्हणणारी ॲप्स असतात. फोनमध्ये होकायंत्रासाठी चुंबकीय क्षेत्र मोजणारा संवेदक असतो. लोखंडी कपाट, गज किंवा विजेची तार जवळ आली की त्याचा आकडा हलतो. अशी कित्येक ॲप्स त्या हालचालीलाच अदृश्य शक्तीची चाहूल म्हणून दाखवतात, काही तर नुसते यादृच्छिक आकडे व शब्द पडद्यावर फेकतात. येथे खेळाने आपला मुखवटा लपवला आहे. दोरीवर साप दिसणे हा भ्रम, असे आपले तत्त्वज्ञ सांगत आले. पण दोरी मुद्दाम वाटेत टाकून 'साप, साप' असे ओरडणाऱ्याला भ्रमिष्ट म्हणता येणार नाही, त्याला लबाडच म्हटले पाहिजे. मित्राच्या हाती फोन देऊन अचानक किंचाळणारा चेहरा दाखवणारी ॲप्सही याच पंगतीत बसतात, कारण तेथे घाबरणाऱ्याची संमती घेतलेलीच नसते.

'एवढ्याशा गमतीने काय बिघडते?' असे कोणी विचारील. बीड जिल्ह्यानेच त्याचे एक उत्तर दिले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातील लवूळ गावात वानरे कुत्र्यांची पिले उचलून झाडांवर व छपरांवर नेत असल्याची बातमी आली. पाहता पाहता '२५० कुत्र्यांचा सूड' अशी कथा देशभर आणि परदेशांतही फिरली. वनविभागाने दोन वानरे पकडून नेली. तो आकडा फुगवलेला असल्याचे पुढे पडताळणीत दिसून आले, तोवर जगाने त्यावर विनोद व चित्रे रचून मनसोक्त हसून घेतले होते. गावकऱ्यांचे भय मात्र खरे होते. एकाच गोष्टीत दूरच्यांना करमणूक आणि जवळच्यांना धास्ती, असा हा प्रकार होता.

लवूळची गोष्ट हसण्यावारी गेली, राईनपाड्याची गेली नाही. धुळे जिल्ह्यातील त्या गावात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते मंगळवेढा तालुक्यातून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी होते. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अफवांमध्ये एक चित्रफीत होती. ती मुळात कराचीतील एका जनजागृतीच्या फितीतून कापलेली होती. मूळ फितीच्या शेवटी मूल परत सोडले जाते आणि पालकांना सावधगिरीचा संदेश मिळतो. कोणीतरी तो शेवटच कापून टाकला. भीती जागवून तिचा शेवट काढून घेणे, ही अपराधाची नेमकी व्याख्या म्हणता येईल. भयाच्या खेळात शेवट असतो आणि दिवे पुन्हा लागतात. अफवेत दिवे लागत नाहीत.

आणखी एक प्रश्न हौशी निर्मात्याने स्वतःला विचारावा. आपण भुताला चेहरा कोणाचा देतो? बाळंतपणात किंवा गरोदरपणी मेलेली स्त्री हडळ होते, असे आपली लोकसमजूत सांगते. जिच्यावर अन्याय झाला, तिलाच आपण भ्यायलो! बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. २०१९ मध्ये शासनाच्या समितीने जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली, त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अशा भूमीत मोकळ्या केसांची, पांढऱ्या लुगड्यातली बाई पडद्यावर नाचवून मुलांना दचकवणे सोपे आहे. परंतु ती बाई का मेली, हे विचारणारा खेळ कोणी रचील, तर ती खरी निर्मिती ठरेल. 'अमुक बाई चेटकीण' हे वाक्य आपल्याकडे खेळ म्हणून संपत नाही, ते एखाद्या जिवंत विधवेच्या दाराशी जाऊन थांबते. म्हणूनच २०१३ साली महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. त्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली.

तेव्हा, वाचकहो, भयाचा खेळ सरसकट निषिद्ध ठरवण्याचे कारण नाही, पण तो निरागस म्हणून सोडून देण्याचेही नाही. ज्याची भीती त्याला ती खेळाच्या शेवटी परत स्वाधीन करावी, आणि ती कोणा जिवंत माणसाच्या माथी मारू नये, एवढे पथ्य पाळले तर हा छंद सज्जनालाही शोभेल. आईवडिलांनीही फोन हिसकावून घेण्याआधी एकदा मुलाशेजारी बसून तो खेळ पाहावा, आणि हे भूत कसे चालते ते त्यालाच विचारावे. ज्या मुलाला भुताची हालचाल उलगडून सांगता येते, त्याच्यावर त्या भुताची सत्ता उरत नाही.

शुभवर्तमानातील सरोवराचा प्रसंग आपणांस परिचित आहे. वादळी रात्री पाण्यावरून येणाऱ्या आपल्या गुरूला पाहून शिष्य भूत समजून ओरडले. त्यांच्या भित्रेपणाची प्रभूने थट्टा केली नाही, किंवा त्यांना आणखी क्षणभर घाबरू दिले नाही. आपण कोण आहोत हे त्याने तत्काळ सांगितले, आणि भिऊ नका म्हटले. अंधारात समोरच्याला आपली ओळख लगेच द्यावी, एवढे सौजन्य खेळ रचणाऱ्यानेही त्याच्यापासून शिकावे.