सामानाजवळ राहिलेल्यांचा वाटा
(शास्त्रपाठ : 1 शमुवेल, अध्याय 30)



अमालेकी लोकांनी सिकलाग नगर जाळून तेथील बायकामुले धरून नेली, तेव्हा दावीद 600 माणसे घेऊन त्यांच्या पाठीस लागला. बसोर ओहोळापाशी 200 जण थकून मागे राहिले व सामानाजवळ बसले. उरलेल्या 400 जणांनी जय मिळविला. परत आल्यावर त्यांतील काही दुष्ट जन म्हणू लागले की, जे लढावयास आले नाहीत त्यांस लुटीतले काही देऊ नये. दावीदाने ते मानिले नाही. हे सर्व परमेश्वराने दिलेले आहे असे सांगून त्याने लढणाऱ्यास व सामान राखणाऱ्यास सारखाच वाटा ठरविला; आणि तोच पुढे इस्राएलात नियम झाला.

ह्या वृत्तान्तावरून आम्हांस आपल्या घरांचा विचार करणे प्राप्त आहे. "आपण काय करता?" असे कोणी पुसले असता मुलेबाळे सांभाळणारी माता, "काही नाही, घरीच असते," असे उत्तर देते. सरकारी दप्तरही तिजहून निराळे बोलत नाही. 2011 च्या खानेसुमारीत सुमारे 16 कोटी स्त्रियांनी व सुमारे 58 लाख पुरुषांनी घरकाम हेच आपले मुख्य काम म्हणून सांगितले. तथापि त्यांची गणना काम न करणाऱ्यांत झाली! 2019 च्या सरकारी पाहणीत असे आढळले की, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दररोज सरासरी 299 मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास जातात. लेकरांची व आजाऱ्यांची शुश्रूषा ह्यात धरलेली नाही.

अपघातात गृहिणी मरण पावल्यास तिच्या श्रमांचे मोल भरपाईत धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली व पुन्हा 2021 साली ठरविले. हा निर्णय न्याय्य होय. परंतु ज्या हातांनी आम्हांस वाढिले त्यांचे मोल ते हात थंड झाल्यावरच आम्हांस कळावे काय?

कोणी म्हणेल, पैसा तर आम्ही मिळवून आणितो. जय देवाने दिला, म्हणून लढणाऱ्यास लूट केवळ आपली म्हणता आली नाही. तशीच आमची मजुरी व आमचे पीकही त्याचेच देणे आहे. आणि मागे कोणी घर राखिले म्हणूनच आमचे पाय शेताकडे वळले. ह्यास्तव घरी राहणाऱ्यास जे द्यावयाचे ते दान नव्हे. तो त्याचा वाटा आहे.

तर मग हा वाटा कृतीने देऊ या. ग्रामपंचायतीच्या दप्तरी घरावर पतीबरोबर पत्नीचेही नाव लावावे. पैशाचा व्यवहार तिला विचारून करावा. कोणी पुरुष मुलांसाठी घरी राहिला तर त्याचा उपहास करू नये. आणि उपासनेच्या वेळी लेकरू रडू लागले, तर बापाने त्यास उचलून बाहेर न्यावे, म्हणजे आईसही एखादा उपदेश शेवटपर्यंत ऐकावयास मिळेल.

ज्याने सामानाजवळ बसलेल्यांस विसरू दिले नाही, तो प्रभु आम्हां सर्वांस ही न्यायबुद्धी देवो. आमेन.