बाद होण्याचा हक्क

पोरांच्या खेळात कच्चं लिंबू घेण्याची आपली जुनी रीत. धाकटा भाऊ किंवा पायाने अधू असलेला शेजारचा मुलगा हट्टाला पेटला की त्याला कच्चं लिंबू म्हणून घ्यायचं. तो सगळ्यांबरोबर पळतो, ओरडतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि तो बादही होत नाही. या रीतीत माया आहे. पण धाकटा भाऊ दोन वर्षांत पक्का गडी होतो आणि अधू मुलगा सोळाव्या वर्षीही कच्चाच राहतो. मग तो मैदानाकडे फिरकेनासा होतो.

अपंगांच्या खेळाचा विचार सुरू झाला तो दवाखान्यात. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन मणक्याला मार बसलेल्या सैनिकांवर उपचार करत. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशीच, त्यांनी अशा १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. पुढे १९६० साली रोममध्ये पहिलं पॅरालिंपिक झालं. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले, उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल उजाडलं.

उपचाराची जागा पदकाने घेतली. आपल्या नांदेड जिल्ह्यालाही त्याचा अभिमान मिळाला. मुखेड तालुक्याच्या भाग्यश्री जाधव यांनी २०२४च्या पॅरिस पॅरालिंपिकच्या उद्घाटनात भालाफेकपटू सुमित अंतिलसोबत भारताचा तिरंगा हाती धरला आणि बसून गोळाफेकीत पाचवा क्रमांक मिळवला. पण जिद्दीच्या कथा सांगताना आपण एक गफलत करतो. ज्याच्यात अशी विलक्षण जिद्द नाही, ज्याला फक्त संध्याकाळी तासभर खेळायचंय, त्या पोराचं काय?

याचं उत्तर कायद्याने दिलंय. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं ३०वं कलम खेळात भाग घेणं हा हक्क मानतं आणि मैदानं, सोयी, अभ्यासक्रम त्यानुसार बदला, असं सरकारला बजावतं. म्हणजे बदलायचं आहे ते खेळाला, मुलाला नव्हे.

खेळ बदलतो म्हणजे काय, ते अंधांच्या क्रिकेटमध्ये दिसतं. प्लास्टिकच्या चेंडूत छर्रे असतात, तो हाताखालून, जमिनीलगत टाकतात. गोलंदाज आधी विचारतो, फलंदाज तयार असल्याचं सांगतो, मग खुळखुळत चेंडू येतो. अकरांत किमान चार खेळाडू पूर्ण अंध लागतात. तिथे कुणी कुणाला कच्चं लिंबू धरत नाही. दांडी उडाली की बाद! माझ्या मते सामावून घेण्याची खरी खूण हीच. हरायची मुभा नसलेला गडी संघात असून नसल्यासारखाच.

आपल्याच जिल्ह्यातल्या हिमायतनगरात महाशिवरात्रीला श्री परमेश्वराची यात्रा भरते, कुस्त्यांचा फड रंगतो. पंचक्रोशीतली पोरं येतात. त्यांच्यातली चालू न शकणारी, न दिसणारी, न ऐकणारी पोरं फार तर बघ्यांत असतात, बहुतेक तर घरीच. त्यांच्यासाठी फार खर्च लागत नाही. कर्णबधिर मुलांच्या कबड्डीत पंचाने शिट्टीसोबत झेंडी हलवली तरी पुरतं. बसून गोळा फेकायला जमिनीला घट्ट बांधलेली एक खुर्ची लागते, ती गावातला वेल्डिंगवालाही करून देईल. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चावेत, हा राज्याचा नियम आहेच. तो पैसा बहुतेक ठिकाणी वाटपात संपतो; त्यातला थोडा मैदानावर यावा.

यात्रा समितीला आणि नगरपंचायतीला एवढीच विनंती आहे: येत्या यात्रेच्या पत्रिकेत या मुलांच्या स्पर्धा छापा, आणि त्या सत्कारापुरत्या न ठेवता गुण मोजून, निकाल लावून घ्या.