वगैरे

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाचा देवावर विश्वास असो नसो, तक्त्यावर असतो. तक्त्याचा धर्म एकच : एका चौकटीत एक गोष्ट. संसाराचा धर्म नेमका उलटा. आमच्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्यासारखा तो थरात थर असतो. एका कर्जाला तीन कर्जदार, कर्जदारामागे दोन जामीनदार, जामीनदाराच्या चार जमिनी आणि प्रत्येक जमिनीला भावकी!

हा कांदा सपाट करून एक्सेलमध्ये भरायचा प्रोग्राम आमच्या शाखेतल्या एका पोराने लिहिला. पहिल्याच दिवशी फाइल उघडताच सर्व्हे नंबर ७/१२ चा ‘७ डिसेंबर’ झाला. हसू नका. मार्च१ नावाच्या जनुकाला एक्सेल १ मार्च समजतं, म्हणून २०२० साली शास्त्रज्ञांनी अशा जनुकांची नावंच बदलली. तिथे आमच्या सातबाऱ्याची काय कथा!

दुसऱ्या दिवशीची भानगड मोठी. एका वाडीच्या पाच मालकांपैकी तक्त्यात उरला एकच, शेवटचा. पोरगा तक्त्याकडे टक लावून बसलेला. मी म्हटलं, “अरे, शिल्लक जुळली नाही की आपण बेरजेकडे बघत बसतो का? खतावणी उघडतो!” मग त्याने एकेक थर छापून पाहिला. तिसऱ्या थरात चोर सापडला. चौकट एक, नावं पाच. प्रत्येक नवं नाव आधीच्यावर जाऊन बसत होतं.

आता उपाय? दर नावाला वेगळी ओळ दिली, तर दहा गुंठ्यांची वाडी बेरजेत पन्नास गुंठे होते. पोराने शक्कल लढवली : पहिलं नाव लिहायचं, पुढे ‘वगैरे’.

तक्त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं. पण वगैरे होतं कोण? थोरला भाऊ कधी वगैरे होत नाही. वगैरे होते ती पेणला दिलेली बहीण. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. आमच्या कागदावरून तो तीन अक्षरांत पुसला जात होता. खोटं न लिहिताही अन्याय करता येतो का? येतो की! वर बेरीजही जुळते.

शेवटी दोन पानं केली. एकावर जमिनी, दुसऱ्यावर माणसं. मध्ये दुवा म्हणून क्रमांक. साहेब म्हणाले, “पानं फार वाढली हो.”

वाढणारच, साहेब. माणसं आहेत तेवढी मोजली की पानं वाढतातच.